कठड्यावरचा देव आणि अर्ज नमुना नऊ

बंडखोरीविषयी नितांत आदर प्रत्येक सुसंस्कृत माणसाला असतो; ती दुसऱ्याने आणि दुसऱ्या वॉर्डात केली, तर तो शतगुणित होतो. आमचे साहेब या आदराचे मूर्तिमंत उदाहरण होत.

साहेब सार्वजनिक जागा सुरक्षा विभागाचे प्रमुख आणि मी त्यांचा टंकलेखक. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मासिकातून कापलेलं एक चित्र होतं: भिंगरी नावाने गाजलेला स्केटबोर्डवाला न्यायालयाच्या पायऱ्यांच्या कठड्यावरून उभ्याने घसरतोय आणि खाली पोलीस उभा आहे. हे चित्र पंधराव्या वर्षी पाहिलं आणि आपलं आयुष्यच बदललं, असं साहेब सांगत. (ते स्वतः स्केटबोर्डवर एकूण चार सेकंद उभे राहिले. कोपरावरची खूण नव्या कर्मचाऱ्यांना रुजू होताना दाखवली जाते.) पुढे सव्वीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एकशे नव्वद कठड्यांना लोखंडी गुंड्या बसवून ते घसरण्यास अयोग्य केले. न्यायालयाचा कठडा मात्र श्रद्धेपोटी मोकळा ठेवला.

गेल्या महिन्यात एक पिकल्या केसांचा माणूस लंगडत आमच्या खिडकीशी आला. काखेत स्केटबोर्ड. साहेब खुर्चीतून उठले. (मंत्री आले तेव्हा ते अर्धेच उठले होते.)

"पुढच्या मंगळवारी गुडघा बदलतायत," भिंगरी म्हणाला. "त्याआधी त्या कठड्यावरून एकदा जायचंय. रविवारी सकाळी. पाच मिनिटं पुरे."

साहेबांनी चहा मागवला, काच उचलून चित्र काढलं, त्यावर सही घेतली. भिंगरी चित्राकडे बघत राहिला.

"या पोलिसाने मला धरायचं होतं," तो म्हणाला. "पण तो पाठ फिरवून उभा राहिला. भला माणूस."

"वा," साहेब म्हणाले आणि त्यांनी अर्ज नमुना नऊ पुढे केला. त्यात 'अपेक्षित पडण्यांची संख्या' असा रकाना आहे. भिंगरीने प्रामाणिकपणे 'एक' लिहिलं. अर्ज तिथेच बाद झाला.

"कुणाच्या दडपणाला भीक घालायची नाही, हे मी तुमच्याकडून शिकलो," साहेब हळवे होऊन म्हणाले. "मग तुमच्या प्रेमाचं दडपण तरी कसं घेऊ?"

"मग न विचारता करतो."

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा, अजून तस्साच आहे," ते मला म्हणाले आणि तो जिना उतरण्याआधी त्यांनी फोन करून रविवारसाठी दोन रक्षक मागवले. नकाराचं पत्र मी टाइप केलं. त्यात साहेबांनी 'आदरणीय' हा शब्द तीनदा घालायला लावला. शनिवारी दुपारी न्यायालयाच्या कठड्यालाही स्क्रूने गुंड्या बसल्या.

रविवारी साहेब सहकुटुंब आले. दीडशेच्या आसपास माणसं जमली होती. भिंगरी पायऱ्या चढून वर गेला आणि त्याने कठड्यावरून हात फिरवला. पहिल्याच गुंडीवर हात थांबला.

"हे कुणी केलं?"

साहेबांनी संकोचाने हात वर केला. "तुमच्या काळजीपोटी."

स्केटबोर्ड काखेत मारून, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत भिंगरी खाली आला. सतरा पायऱ्यांना चार मिनिटं लागली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना पत्नीला म्हणाले, "अशी माणसं आता होत नाहीत गं."

वाचकांना साहेबांचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. जमलेल्या दीडशे जणांनाही आला होता. रक्षक दोनच होते आणि दोघेही निवृत्तीला टेकलेले. 'गुंड्या काढू या, जाऊ द्या त्याला' असं कुणी म्हटलं असतं, तर ते आनंदाने बाजूला झाले असते. कुणी म्हटलं नाही, कारण सगळ्यांचे मोबाइल चालू होते आणि मध्ये आवाज नको होता. दुसऱ्या रांगेत डावीकडे तुम्ही होतात. तुमचं चित्रीकरण फार छान आलंय.