कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर

पडलबी गावच्या चर्चमध्ये गॉडफ्रे टिपिंग हा अधिकृत कुत्रेहाकल्या होता. शेतकरी प्रार्थनेला आपापली कुत्री घेऊन येत. ती भांडू लागली की लांब लाकडी चिमट्यात मानगूट पकडून त्यांना बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम. या पदासोबत चर्चमागची लाकडी खोपटी मिळे. पद गेलं की खोपटीही जाणार, अशी स्पष्ट तरतूद होती.

सन सोळाशे छत्तीसमध्ये एका शिकारी कुत्र्यानं पवित्र मेजावरचा पाव पळवला. बिशपच्या कार्यालयातून आदेश सुटला: सदर मेजाभोवती कठडा उभारावा आणि दोन गजांमध्ये कुत्रं शिरणार नाही इतकंच अंतर ठेवावं.

"घ्या! आता लाकूडच कुत्री अडवणार," बायको प्रुडन्स म्हणाली. "तुम्हाला कोण विचारतंय? उचला बोचकं."

गॉडफ्रेनं बोचकं नाही, शेजारणीचं पिल्लू उचललं. रविवारी भर प्रार्थनेत ते गजांमधून सुळकन आत गेलं आणि मेजाखाली बसून शेपटी हलवू लागलं.

"पाहिलंत पाद्रीबाबा? इथं माणूसच हवा!" गॉडफ्रे हरखून ओरडला.

बिचाऱ्याला फक्त खोपटी वाचवायची होती हो! पण क्रॅब विणकर बाकावर चढून गरजला, "देवालाच कठडा नकोय! हे रोमच्या पोपचं कुंपण आहे!"

"कठडा राजाच्या बिशपनं लावलाय," जमीनदार हॉल्डन उसळले. "कठड्याच्या विरोधात तो राजाच्या विरोधात. ते पिल्लू राजद्रोही आहे!"

"मग राजाला सांगा, आधी पार्लमेंटला विचार म्हणावं!" क्रॅब ओरडला.

झालं! गाव उभं दुभंगलं. कठडेवाले उजव्या बाकांवर, 'कठडा मोडा' म्हणणारे मोडेवाले डाव्या. कठडेवाल्यांनी निष्ठेपोटी लहान कुत्री पाळणं सोडलं, मोडेवाल्यांनी मोठी.

"टिपिंग, तू कुणाचा रे?"

"मी खोपटीचा," गॉडफ्रे म्हणे आणि दोन्हीकडचा मार खाई.

पुढे लढाईच जुंपली. पार्लमेंटच्या फौजेनं येऊन कठडा मोडून जाळला. राजाच्या फौजेनं नवा बसवला. तोही पार्लमेंटवाल्यांनी जाळला. राजाची फौज परतली तेव्हा गावात लाकूडच उरलं नव्हतं, म्हणून गॉडफ्रेची खोपटी सार्वजनिक हितार्थ ताब्यात घेऊन तिचा कठडा करण्यात आला. पुढच्या आठवड्यात तिच्यावर पार्लमेंटच्या शिपायांनी मटण शिजवलं. प्रुडन्सनं झग्याच्या टोकानं डोळे पुसले आणि वाडगं पुढे केलं. घर तिचं होतं, रस्सा तरी मिळायला हवा होता.

लढाई जुंपल्यापासून सात वर्षांनी युद्धाची कारणं ठरवायला समिती आली. तिच्या तक्त्यात दोनच रकाने होते: धर्म आणि राजकारण.

"कारण?" कारकुनानं गॉडफ्रेला विचारलं.

"पिल्लू."

"तसा रकाना नाही."

"बरं, माझ्या खोपटीचं काय?"

"धर्मापायी गेली असेल तर बिशपकडे अर्ज करा. बिशप रद्द झालेत. राजकारणापायी गेली असेल तर राजाकडे."

"राजा कुठे भेटेल?"

"त्यांचं डोकं उडवलंय. ते पद सध्या रिक्त आहे. तुमचं मात्र कायम केलंय."

त्या रविवारी गॉडफ्रे चिमटा घेऊन चर्चच्या दारात उभा राहिला. लहानमोठी कुत्री एकमेकांच्या अंगावर माना टाकून घोरत होती. क्रॅब आणि हॉल्डन मात्र मेज आडवं ठेवावं की उभं, यावरून एकमेकांच्या नरडीला लागले होते. गॉडफ्रेनं चिमटा उघडला, आधी एकाची मानगूट धरली, मग दुसऱ्याची आणि दोघांना बाहेर सोडून आला.

चिमटा अजून दाराशी आहे. कठडा असावा की नसावा, हे एव्हाना तुम्हीही मनाशी ठरवून टाकलं असेलच. जरा मान सांभाळा.