अडलेलं रिव्हॉल्वर

हार्लन स्ट्राउडच्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा चोरी झाली, तेव्हा चोरांनी यंत्राची करवत नेली आणि फ्रीजरमधलं हरणाचं सगळं मांस नेलं. जाताना फ्रीजरचं झाकण मात्र नीट लावून गेले. हार्लनची बायको ट्वायला हिला त्या झाकणाचाच जास्त राग आला.

"घाईत नव्हते ते," ती म्हणाली. "निवांत होते. आपण दोघं आत टीव्ही बघतोय, आणि ते तिथे उभं राहून पुड्या निवडतायत."

हार्लनने रिकाम्या फ्रीजरचं झाकण उघडून पुन्हा लावलं. तो अडुसष्ट वर्षांचा होता. वेल्डन क्रीक गावच्या शाळेची बस त्याने एकतीस वर्षं चालवली होती, आणि पाठीमागे चाळीस पोरं किंचाळत असताना शांत बसून राहायची सवय अंगात मुरली होती. आता कोणी किंचाळत नसलं तरी तो तसाच बसे.

शेरीफचा माणूस आला, रिकाम्या फ्रीजरचे फोटो काढले आणि म्हणाला, "सबंध काउंटीला आम्ही चौघंच आहोत, मिस्टर स्ट्राउड. काही कळलं तर कळवतो." पहिल्या चोरीच्या वेळीही त्याने हेच सांगितलं होतं. तेव्हा ते पाच जण होते.

"महिनाअखेरपर्यंत काहीतरी कर," ट्वायला म्हणाली. "नाहीतर मी डोरीनला फोन करते."

डोरीन म्हणजे ट्वायलाची बहीण. ती टल्सा शहरात एका मोठ्या इमारतीत राहते. तिथे फाटकावर पहारेकरी आहे आणि वरच्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा आहे, ट्वायलाच्या मते या दोघांसाठीच. त्या फ्लॅटच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. हार्लनने ती एकदा सलग चार दिवस पाहिली होती.

"एखादं छोटं रिव्हॉल्वर घेऊ का?" त्याने विचारलं. वडिलांची शिकारीची बंदूक घरात होती, पण खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती उचलायची तर आधी गोळी घ्यावी लागे, डॉक्टरची.

"तुला सकाळी चष्मा सापडत नाही. चोर कुठून सापडणार?"

"म्हणजे नको?"

"नको असं मी म्हटलं नाही. चष्मा सापडत नाही, एवढंच म्हटलं."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हार्लनला एवढं कळत होतं की याचा अर्थ विचारण्यात हशील नाही. तो टोपी घालून निघाला.

गावातलं बंदुकांचं दुकान ड्वेन फेटर्सचं. तिथे बंदुका, मासेमारीचे गळ आणि गांडुळं एकाच काउंटरवर मिळतात. ड्वेन आता चाळिशी पार केलेला, पोट सुटलेला माणूस, पण लहानपणी आठ वर्षं तो हार्लनच्या बसमध्ये होता. सीटला च्युइंगगम चिकटवल्याबद्दल त्यातलं एक सबंध वर्ष त्याने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर काढलं होतं. हार्लन दुकानात शिरला की तो अजूनही ताठ उभा राही.

"किती खर्च करायचा विचार आहे, मिस्टर स्ट्राउड?"

"कमीत कमी."

ड्वेनने कपाटातून तळहाताएवढं एक रिव्हॉल्वर काढलं, उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि समोर ठेवलं. "पाच गोळ्यांचं. स्वस्त, हलकं, खिशात मावतं. म्हाताऱ्या माणसांना फार आवडतं." मग तो जरा थांबला. "म्हणजे, तसं कुणालाही आवडतं."

हार्लनने ते भिंतीकडे धरून चाप ओढला. चाप हलला नाही. त्याने दुसरं बोटही लावलं. मग कुठे खट्ट झालं, पण तोवर नळी भिंतीवरून घसरून गांडुळांच्या डब्यांकडे वळली होती.

"हे असं का?"

"छोट्यांचा चाप कडक असतो. स्वस्तातल्यांचा जरा जास्तच."

"आणि गोळी सुटल्यावर?"

ड्वेन खोटं बोलणारा नव्हता, निदान या गिऱ्हाइकाशी तरी नाही. "वजन नाही ना त्याला. सगळा धक्का हातावर येतो. परवा एकाने पाचही उडवून बघितल्या. तीन दिवस डाव्या हाताने जेवत होता."

"मग वजन असलेलं दाखव."

ड्वेनने मोठं दाखवलं. ते हातात छान बसलं, चापही लोण्यासारखा सरकला. किंमत दुपटीच्या वर होती.

"म्हणजे मला परवडतं ते उडवता येत नाही," हार्लन म्हणाला, "आणि उडवता येतं ते परवडत नाही."

"बरेच जण इथेच अडतात," ड्वेन म्हणाला. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "तुम्ही बसा, विचार करा. घेणार असाल तर हा फॉर्म भरा. मग नावावर काही गुन्हा नाही ना, याची सरकारी तपासणी मी फोनवर करून घेतो. पाच मिनिटांचं काम आहे."

हार्लनला घरी जाऊन पुन्हा यायचा कंटाळा आला होता. एवढ्याच कारणाने त्याने छोट्या रिव्हॉल्वरसाठी फॉर्म भरायला घेतला. तुमच्यावर खटला चालू आहे का? नाही. तुम्ही फरारी आहात का? नाही. ओळीने इतके 'नाही' लिहिताना त्याला वाटलं, आपण आयुष्यात फारच थोडं केलं.

ड्वेनने फोन लावला, नाव-पत्ता सांगितला, बराच वेळ 'हं, हं' केलं आणि फोन ठेवला.

"अडलं."

"काय अडलं?"

"तुमची तपासणी. नाही म्हणाले नाहीत, पण हो पण म्हणाले नाहीत. थांबा म्हणाले. होतं असं, मिस्टर स्ट्राउड. तुमच्याच नावाचा कोणी दुसरा असेल कुठेतरी. दोनचार दिवसांत कळेल."

यात काही विशेष नव्हतं. पण मागे बर्निस टोली गांडुळांचा डबा हातात घेऊन उभी होती. बर्निस चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि हार्लनच्याच रस्त्यावर चार घरं सोडून राहते. तिने डबा अलगद खाली ठेवला आणि गांडुळं न घेताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लन नेहमीसारखा कॉफी प्यायला गेला, तर हॉटेलातलं बोलणं थांबलं. विल्मा, तिथली वाढपीण, एरवी कॉफी ओतता ओतता आपल्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगायची. आज तिने हात लांब करून दुरूनच ओतली आणि न मागता बिस्किटं ठेवली.

दुपारी पास्टर लायल घरी आले. चर्चची छोटी गाडी हार्लन दर रविवारी चालवत असे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरून आणायला. पास्टरनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, लिंबू सरबताचे दोन पेले रिचवले आणि शेवटी म्हणाले, "हार्लन, काही दिवस गाडी मीच चालवेन म्हणतो."

"का?"

"तू दमला असशील."

"दमलोय तर मी आहेच," हार्लन म्हणाला, "पण ते वीस वर्षांपासून."

पास्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "परमेश्वर भूतकाळ विचारत नाही, हार्लन. विमा कंपनी विचारते."

हार्लनने खुंटीवरची किल्ली काढून दिली. एकतीस वर्षांत त्याने साधा दंड कधी भरला नव्हता. पास्टर गेल्यावर तो बराच वेळ त्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिला.

संध्याकाळी ट्वायला केस कापून आली आणि पर्स न ठेवताच समोर बसली.

"एकोणऐंशी साली तू कुठे होतास?"

"तुझ्याशी लग्न करत होतो."

"सबंध वर्ष?"

"काय ऐकून आलीस?"

"ओक्लाहोमात तू बँक लुटलीस म्हणे. दोघांबरोबर. ते दोघं अजून आत आहेत, पण तुझ्या शब्दाखातर वाटेल ते करतील."

"आणि तू काय म्हणालीस?"

ट्वायला जरा अवघडली. "मी म्हटलं, तो मला कधी काही सांगत नाही."

हार्लनने डोळे मिटून घेतले. सबंध गावाला एकेक करून समजावत हिंडायचं बळ त्याच्यात नव्हतं. ज्यांना समजवायचं, त्यांतल्या निम्म्यांना त्याने लहानपणी रोज घरी सुखरूप पोचवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी दारात एक पिकअप ट्रक उभा राहिला. त्यातून रस्टी योकम उतरला. हा बर्निसचा भाचा, तिशीतला, वसंत ऋतूपासून मावशीकडेच मुक्कामाला होता. काम शोधतोय असं मावशी सांगे. हार्लन पायरीवर बसला होता. रस्टी दहा पावलांवर थांबला आणि दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून उभा राहिला.

"मिस्टर स्ट्राउड, सर, तुमची करवत. खड्ड्यात सापडली मला."

"बरं झालं."

"तेल घातलंय. पातंही नवीन लावलंय."

"खड्ड्यात?"

रस्टीने ट्रककडे पाहिलं. "नाही सर, नंतर."

"आणि मांस? तेही खड्ड्यात होतं?"

"हो सर. म्हणजे अर्धं. आईसबॉक्समध्ये आहे, गार आहे." त्याने ट्रकमधून करवत आणि आईसबॉक्स काढून गवतावर ठेवला आणि तो मागे सरकला. "सर, ते तुमचे दोघं मित्र. त्यांना कळवायची काही गरज आहे का? मी उद्याच मिसिसिपीला जातोय. तिकडे काम मिळालंय."

हार्लनला या मुलाची आधी चीड आली आणि मग कीव आली. त्याला चीड सांभाळत बसायचा कंटाळा होता, म्हणून कीवच उरली.

"गाडी हळू चालव," तो म्हणाला. पोरांना तो नेहमी एवढंच सांगत असे. रस्टीचा चेहरा पांढरा पडला.

तो गेला आणि तासाभरात ड्वेनचा फोन आला. हार्लन स्वयंपाकघरात होता आणि ट्वायला मांसाच्या पुड्या मोजत होती.

"मिस्टर स्ट्राउड, सुटलात तुम्ही. तपासणी साफ. रिव्हॉल्वर घेऊन जा. आणि दुकानात येईल त्याला मी स्वतः सांगतो, तुमच्या नावावर काही नाही म्हणून. मला फार वाईट वाटलं हो, लोक काय काय बोलत होते."

चार दिवसांत पहिल्यांदाच हार्लनच्या जिवाला बरं वाटलं. त्याने फोनवर हात ठेवून ट्वायलाला सांगितलं. ती खूश झालेली दिसली नाही.

"करवत आली," ती म्हणाली. "मांस अर्धं आलं. गोळ्या किती लागल्या?"

"एकही नाही."

"मग?"

"मग लोक मला दरोडेखोर समजतात, ट्वायला. चर्चची गाडी गेली माझी."

"डोरीनचा फ्लॅटही गेला," ती पुड्यांकडे बघत म्हणाली. "या रस्त्यावर आता कोण चोरी करायला येतंय? मी इथेच राहीन म्हणते."

हार्लन खुर्चीवर बसला. एका बाजूला आयुष्यभराचं नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला डोरीनच्या इमारतीतून दिसणारं ते पार्किंग. फोनमध्ये ड्वेन मुकाट्याने वाट बघत होता.

"ड्वेन, ते रिव्हॉल्वर कपाटात ठेव. नको मला."

"बरं. आणि तपासणीचं? लोक विचारतात."

"गिऱ्हाइकाची खाजगी गोष्ट बाहेर सांगावी का?"

"खरं म्हणजे सांगू नये."

"मग नको सांगूस."

"हो, सर," ड्वेन म्हणाला.

सोमवारी हार्लन कॉफीला गेला. खिडकीजवळचं टेबल त्याच्यासाठी रिकामं ठेवलेलं होतं, वर्तमानपत्रही घडी न मोडलेलं. विल्माने कॉफी ओतली, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून हळूच विचारलं, "मला एकटीला सांगा. कुठली बँक होती?"

हार्लनने दूध घातलं, चमच्याने ढवळलं. जन्मात तो खोटं बोलला नव्हता, आणि आता या वयात ते शिकायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

"त्यावर मला बोलता येणार नाही, विल्मा."

"वकिलाने सांगितलंय?"

"बायकोने," हार्लन म्हणाला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं.