बापू पक्ष सोडतात

आमच्या पाटणच्या बापूंनी एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी हात वर करून बजावलं होतं, "माझा विरोध नोंदवून घ्या!" विरोध लग्नाला नव्हता, तांदूळ उधळण्याला होता. लग्न त्यांच्याच मुलीचं होतं.

हेच वाक्य ते पक्षाच्या बैठकीत चाळीस वर्षं म्हणत आलेत. पक्ष मोठा, बापू पुरोगामी. जात बघून तिकीट दिलं, विरोध. उमेदवार कुठल्या बाबाच्या पाया पडला, विरोध. तालुकाध्यक्ष आण्णा बापूंच्याच वयाचे. ते दर वेळी ओरडायचे, "मग जा की रं सोडून! बांधून घातलंय व्हय तुला?"

यंदा उमेदवारानं मुहूर्त काढून अर्ज भरला आणि मी पेटलो. म्हटलं, "बापू, आता आपला वेगळा पक्ष!"

"लय बेस!" बापू म्हणाले.

मी त्याच दिवशी स्वतःच्या नावाखाली 'अध्यक्ष' छापून कार्डं आणली. पक्षाचं नाव ठरलं नव्हतं, तेवढी जागा कोरी सोडली.

स्थापनेच्या सभेला जागा मिळेना. शेवटी ती जुन्या पक्षाच्याच कार्यालयात भरली, कारण किल्ली बापूंकडे असायची. बंडखोर आम्ही सात. माझं घणाघाती भाषण रंगात आलं, तोच समोर राहणारे आण्णा किटली घेऊन दारात.

"फुटताय तर फुटा," ते खेकसले, "पर च्या घेऊन फुटा."

"साखर लय झालीया," बापू एक घोट घेऊन म्हणाले. झालं! साखरेवरून दोघं थेट पक्षाच्या धोरणावर गेले. पंधरा मिनिटं नुसता कल्ला. क्रांती हातात कप धरून थांबली होती.

आण्णा तणतणत गेल्यावर मतदान घेतलं. सोडायच्या बाजूनं पहिला हात बापूंचा. आम्ही घोषणा देत रस्त्यावर आलो. मी मोजलं, तर सहाच! परत आत गेलो. बापू कप विसळत होते.

"बापू, हात तर वर केलात!"

"व्हय. सोडायलाच पायजे. तुमचं बरूबर हाय, तुमी जावा."

"आणि तुम्ही?"

"वैनी गेल्यापास्नं आण्णा घरात कुणाशी चकार शबूद बोलत न्हाई, गड्या. सून सांगत हुती. हितं येऊन माझ्यावर वरडतो, तेवढंच त्येचं बोलणं." त्यांनी कप उपडा ठेवला. "मी गेलो तर त्यो वरडंल कुणावर?"

मी फडकं घेऊन कप पुसायला लागलो. बाहेर पाच जणांचा पक्ष अध्यक्षांची वाट बघत होता.