छत्री, काकडी आणि तिसरा शब्द

म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर व्हायचं तर आधी स्वतःचे केस पिकवावे लागतात, असं छोट्या डॉक्टरांच्या सासऱ्यांचं मत झालं होतं. जावई एमडी झाला, आता दारावर पाटी लागेल म्हणून ते वाट बघत होते, तर जावयाने वृद्धांच्या आजारांची फेलोशिप घेतली. पुन्हा अभ्यास, पुन्हा परीक्षा. गेल्या खेपेला शेवटच्या परीक्षेत जावयाने गटांगळी खाल्ली तेव्हा सासरे म्हणाले, "म्हाताऱ्यांचा अभ्यास करता करता तुम्हीच एक दिवस त्यांच्यात जाऊन बसाल." यंदाही नापास झालात तर बाबांना तुमचं तुम्ही तोंड द्या, असं बायकोने आधीच बजावलं होतं.

गेल्या वेळी घात केला तो एका हसऱ्या आजोबांनी. "कुठे दुखत नाही," असं ते म्हणाले आणि डॉक्टरांनी भाबडेपणाने विश्वास ठेवला. आजोबांचा खांदा निखळलेला होता. विभागप्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणत. ते तेव्हा कडाडले होते, "म्हातारं माणूस दुखणं लपवतं. 'नाही' म्हणालं की समजायचं, आहे." हे वाक्य डॉक्टरांनी काळजावर कोरून घेतलं होतं.

या वेळी परीक्षेला आजी मिळाल्या. न्यूमोनियातून उठलेल्या, टुणटुणीत, पिशवी भरून पलंगावर तयार बसलेल्या. सून शेजारी उभी. स्मरणशक्तीची चाचणी झाली की त्या घरी जाणार होत्या. या चाचणीत रुग्णाला तीन शब्द सांगायचे, मग इकडचं तिकडचं विचारायचं आणि थोड्या वेळाने तेच शब्द म्हणायला लावायचे. नेहमीचे तीन शब्द वॉर्डातल्या भिंतींनाही पाठ झाले होते. एक आजोबा तर सकाळी नमस्काराऐवजी "कुलूप, लिंबू, घोडा" असंच म्हणत. म्हणून डॉक्टरांनी नवे शब्द घोकून आणले होते: छत्री, काकडी, पोस्टमन.

सर हात धुवायला बेसिनपाशी गेले. डॉक्टर आजींच्या कानाशी वाकले. "नीट ऐका हं, आजी. छत्री, काकडी..."

नेमके त्याच वेळी वॉर्डातले मामा ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी मागे घेत होते. ती डॉक्टरांच्या पावलावरून गेली. परीक्षेत बोंब मारायची सोय नव्हती. बारीकसं "आई गं" तेवढं तोंडातून निसटलं. डोळ्यांत आलेलं पाणी डॉक्टरांनी चष्म्याआडच जिरवलं. सर परतले तेव्हा डॉक्टर एका पायावर भार देऊन कसंनुसं हसत होते आणि आपले तिन्ही शब्द सांगून झाले, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आजींनी वार सांगितला, महिना सांगितला. शंभरातून सात सात वजा करताना डॉक्टरच एका ठिकाणी घसरले, तिथे आजींनीच त्यांना सावरून घेतलं. सरांनी मान डोलावली.

"आता मगाचे तीन शब्द सांगा बघू," डॉक्टर म्हणाले.

"छत्री, काकडी, आई गं."

डॉक्टरांनी कान टवकारले. "कुठं दुखतंय, आजी?"

"मला? कुठंच नाही."

हेच तर हवं होतं. डॉक्टरांना भरूनच आलं. गेल्या वर्षी निसटलेलं दुखणं या वर्षी आपल्या पायांनी चालत आलं होतं. त्यांनी आजींचे गुडघे दाबले, कंबर दाबली, खांदे फिरवले. मग मघाशी काय म्हणालात ते पुन्हा विचारलं. आजी पुन्हा "आई गं" म्हणाल्या. डॉक्टरांनी विजयी मुद्रेने सरांकडे पाहिलं.

"अहो, ते मी नाही म्हणाले," आजी वैतागल्या. "तुम्हीच म्हणालात."

सरांनी सुनेला बाजूला घेतलं आणि विचारलं, आजी घरीसुद्धा आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवतात का. सुनेला अशी संधी लग्नापासून कुणी दिली नव्हती. दूध कोण उतू घालवतं आणि नाव कुणाचं घेतलं जातं, हे तिने सविस्तर सांगितलं.

हाडांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी आजींना चालायला लावलं. छोटे डॉक्टर हाताला धरून सोबत निघाले. हाडांच्या डॉक्टरांनी डोळे मिटून पावलांचा आवाज ऐकला आणि कुणीतरी नक्की लंगडतंय, असा निर्वाळा देऊन एक्स-रेचा कागद भरला.

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला," आजी पुटपुटल्या. असंबद्ध बोलणं, अशी सरांनी नोंद केली.

सर खूश होते. छोट्या डॉक्टरांना आता सासऱ्यांचा पडलेला चेहरा दिसू लागला होता. तेवढ्या सुखात बुटातला पाय टम्म फुगत चालला होता, त्याचं काही नव्हतं. इतक्यात मामा आजींसाठी चाकांची खुर्ची घेऊन आले आणि डॉक्टरांपाशी ओशाळून उभे राहिले.

"डॉक्टर, पाय बरा आहे ना? मगाशी अख्खा सिलिंडर गेला वरून. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत."

"केलं की," आजी म्हणाल्या. "आई गं म्हणाले. तोच तर तिसरा शब्द."

सरांची नजर हळूहळू खाली बुटापर्यंत गेली.

"दुखतंय का?"

"नाही, सर," डॉक्टर म्हणाले.

"बसा खुर्चीत."

डॉक्टर बसले. बूट काढताना अंगठ्याचा रंग बघून सुनेने तोंड फिरवलं. डॉक्टरांना मात्र अंगठ्यापेक्षा निकालाची कळ जास्त होती. त्यांनी रडवेल्या आवाजात परीक्षेचं विचारलं.

"निदान बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "दुखणं लपवणारा माणूस इथेच होता, फक्त पलंगावर नव्हता. पण स्वतः सांगितलेले शब्द ज्याला आठवत नाहीत, त्याला पास कसं करू?"

"आठवतील हो. घाबरलेत बिचारे," आजी पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. "सांगा बाळ, कोणते तीन शब्द?"

"छत्री," डॉक्टर चाचरत म्हणाले, "काकडी, पोस्ट..."

मामांनी खुर्ची वळवली. अंगठा पलंगाच्या पायावर आदळला.

"आई गं!"

"तिन्ही बरोबर," आजी म्हणाल्या. "करा पास."

सरांनी हसू दाबत सही केली. आजी सुनेबरोबर तुरुतुरु घरी निघून गेल्या. आजींच्या नावाचा एक्स-रेचा कागद मात्र कुणाला बदलायचं सुचलं नाही. एक्स-रेवाल्याने तो वाचला, मग खुर्चीकडे पाहिलं.

"वय ब्याऐंशी? दिसत नाही हो."

"फेलोशिप पूर्ण झाली माझी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पाय पुढे केला.