उपासाला चालणारे चॉकलेट

आमच्या शेणवे गावातली, माझ्या शेजारची सुमनकाकी जगातले सगळे पदार्थ दोनच ढिगांत टाकते : उपासाला चालणारे आणि न चालणारे. चॉकलेट तिने पहिल्या ढिगात टाकलंय. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार. "झाडाला लागतं ना ते? मंग फळच झालं."

मोबाइलवर कुणा बाईने चॉकलेटचे खजूर करून दाखवले, त्या दिवसापासून काकी कामातून गेली. खजुराची बी काढायची, पोटात दाण्याचं कूट नि खोबरं भरायचं, वरून चॉकलेट. "गॅसच नाय लागत गो," हे ती अशा थाटात सांगते, की सिलिंडरची दरवाढ हिनेच हाणून पाडली असं वाटावं. चॉकलेटची वाटी भर दुपारी पत्र्यावर ठेवली की काम झालं. आमच्या गावाला अखंड पुरवठा होतो तो फक्त उन्हाचा, आणि त्याचा पुरेपूर वापर करणारी ती एकटीच.

पुढचं मात्र माझ्या डोक्यात जायचं. घरात फ्रीज नाही, म्हणून खजुरांचं ताट ती परातभर गार पाण्यावर ठेवायची. तालुक्यातली धरणं मुंबईच्या अंघोळीची सोय बघतात, आमच्या बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात आणि ही बाई खजुरांना थंडावा देते. मी चांगलं सुनावलं. ती म्हणाली, तेच पाणी मागाहून म्हशीला पाजते, वाया काय जातंय त्यात?

शेवटी टँकरसाठी आम्ही शहापूरला कचेरीसमोर बेमुदत उपोषणाला बसलो. पत्रक मीच लिहिलं होतं; 'झोपलेल्या प्रशासनाचा जाहीर धिक्कार' वगैरे. प्रशासन काही जागं झालं नाही, काकी झाली. रोज सकाळच्या एसटीने खजुरांचा तोच डबा घेऊन हजर. "खा गो, उपासाला चालतं." हा देवाचा उपास नव्हे, हे मी परोपरीने समजावलं. तिला पटेना. देव नाही, फराळ नाही, सोडायचा दिवस ठरलेला नाही. असला कसला उपास? हाकललं तर मांडवाच्या टोकाला डबा मांडीवर घेऊन बसायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची.

व्हायचं तेच झालं. कुणीतरी डब्याचा फोटो काढून तालुकाभर फिरवला : 'उपोषणात चॉकलेट पार्टी'. कचेरीतले साहेब लगेच मांडवात. आमची तब्येत बघायला त्यांना वेळ मिळाला नव्हता, चॉकलेट बघायला मिळाला. टँकर हातचा गेला, असं मी धरूनच चालले. काकीवर ओरडले, "तुझ्या खजुरांनी आमचं आंदोलन खाल्लं."

काकीने डबा साहेबांपुढे उघडला. खजूर सगळे जागच्या जागी. चॉकलेट वितळून एकमेकांना चिकटलेले. एक जरी कुणी उचलला असता तरी खड्डा दिसला असता. साहेबांना हसू आलं. "आजी, हे असं वितळलं कसं?"

"घट व्हायला गार पानी लागतं साहेब. तेच तर नाय."

मांडवात हशा पिकला. समोर कॅमेरे होते. साहेबांचं हसू ओशाळलं आणि टँकर तिथल्या तिथे कबूल झाला. माझ्या पत्रकाच्या एवढ्या प्रती वाटून जे झालं नव्हतं ते.

उपोषण सोडायला लिंबूपाणी आलं. साहेब पेला घेऊन फोटोसाठी माझ्या शेजारी उभे राहिले. जाता जाता काकीला म्हणाले, रोज एवढ्या लांब डबा वाहून आणलात, निदान स्वतः तरी एखादा खायचा होता.

"मी कशी खाऊ? शेजारची पोर उपाशी."

मी वळून पाहिलं. तिचे ओठ पार सुकले होते. म्हणजे घरी जाऊनसुद्धा ही जेवली नव्हती.

"काकी, बोलली का नाहीस?"

"एकटीनं जेवलं काय नि नाय जेवलं काय," ती डब्याचं झाकण पुसत म्हणाली, "कोनाला कळतंय गो?"

मी पेला घेतला नाही. साहेबांचा फोटो राहिला. डब्यातला एक खजूर ओढला, तर दोन चिकटून आले. एक तिच्या तोंडाशी धरला.