ज्याले येते त्यानं उजवा

अंकुरचा समावेशक पाठ एकदा आपटला होता आणि दुसऱ्यांदा आपटला तर बी.एड.चं वर्ष गेलं, हे पाठ तपासणाऱ्या शैला मॅडमनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. समावेशक पाठ म्हणजे ज्या वर्गात एखादं दिव्यांग मूल इतरांबरोबर शिकतं, तिथे सगळ्यांना धरून शिकवून दाखवायचं. अमरावतीच्या त्या शाळेत, सहावीत, जुईली होती. जन्मापासून तिचा उजवा हात उचलला जात नसे. बोलायला मात्र ती चौघांना भारी होती. पहिल्या पाठात तिने नुसतं पुस्तक उघडलं तरी अंकुरने वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. शेवटी वैतागून जुईलीने पुस्तक मिटून ठेवलं आणि मॅडमनी शेरा मारला, "शिकवलं कमी, कीव जास्त."

या खेपेला मूर्तिजापूरकडच्या या शेतकऱ्याच्या पोराने कंबर कसली. पाठ मातीवर होता म्हणून घरच्या वावरातली काळी माती आणली. एका हाताने लिहिताना जुईलीचा कागद सरकतो, म्हणून आईचे कपडे वाळत घालायचे चिमटेही आणले. आता धास्ती एकच उरली होती, वर्ग गप्प बसला तर काय? त्यावर त्याच्या अकोल्याच्या दोस्ताकडे, शेखरकडे, रामबाण उपाय होता. शेखरचा आजवर एकही पाठ पडला नव्हता, आणि का पडला नव्हता ते त्याने चहाच्या टपरीवर उघड केलं.

"प्रश्न इचारला का सगळ्यायनं हात वर करायचा. ज्याले येते त्यानं उजवा, ज्याले नाही येत त्यानं डावा. तू फक्त उजवेच उठव. मॅडमले वाटते, वर्ग कसा पेटून राहिला."

अंकुरने आदल्या दिवशी वर्गाला हे पढवलं. जुईली नेमकी त्या दिवशी हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेली होती.

पाठ दृष्ट लागण्यासारखा सुरू झाला. प्रश्न पडायचा अवकाश, सगळे हात वर. मागच्या बाकावर मॅडम भराभर लिहीत होत्या. पहिल्या बाकावर जुईलीचा डावा हात वर होता. अंकुरच्या मनात आलं, येत नाही बिचारीला, चारचौघांत कशाला उघडं पाडा? आणि स्वतःच्या समजूतदारपणावर खूश होत त्याने दुसऱ्याला उठवलं. पुढच्या प्रश्नाला तोच हात. मग जुईली बाकावरून अर्धी उठली. मग चुकणाऱ्या एसटीला दाखवावा तसा तिने हात हलवायला सुरुवात केली. जितका तो हात हलला, तितकी अंकुरला तिची दया आली. चिमटे आपण कशासाठी आणले, हे त्याला नेमकं त्या वेळी आठवलं नाही.

"अंकुर," मागून मॅडम म्हणाल्या, "जुईली मघापासून हात वर करतेय. तिला का नाही विचारत?"

उत्तर दिलं ते वर्गातल्या बंडूने, सरांना मदत करावी या शुद्ध हेतूने. "मॅडम, तिचा डावा हाय. डावा म्हन्जे येत नाही. सरायनंच त सांगतलं काल."

जुईली अंकुरकडे बघत होती.

"सर, मंग मले येत असलं त मी कोन्ता वर करू?"

अंकुरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ष तर हातचं गेलंच होतं, पण त्याहून हा प्रश्न त्याला झोंबला. त्याने खडू खाली ठेवला. "माह्यं चुकलं, जुईली. सांग, काळी माती कशापासून झाली?"

जुईली रुबाबात उभी राहिली. "कोळशापासून."

सगळा वर्ग अंकुरच्या तोंडाकडे पाहू लागला. 'शाब्बास' त्याच्या ओठांवर आलं होतं, टाळीसाठी हातही उचलले गेले होते. त्याने ते खाली घेतले. "चूक. बेसाल्ट खडकापासून. बस खाली, अन् ध्यान दे."

"हौ सर," म्हणून जुईली बसली, ती पाठ संपेपर्यंत खुशीत होती.

नंतर मॅडमनी अंकुरला बाजूला घेतलं. हातांची युक्ती आजच्या आज बंद करायची, असं बजावलं आणि मग म्हणाल्या, "आज तुम्ही तिला सगळ्यांसारखं चूक म्हणालात. म्हणून पास करतेय."

अंकुर तसाच वर्गात धावला आणि युक्ती बंद झाल्याचं जाहीर केलं. जुईलीला ते पटलं नाही. "बंद काहून, सर? ज्याले येते त्यानं डावा करावा. झालं." वर्गाने ते एकमताने उचलून धरलं. अंकुर नको नको म्हणत राहिला, तोवर घंटा झाली आणि पोरं पळाली. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर शेखरचा पाठ होता, म्हणून त्याने शेखरला सावध करायला गाठलं. पण गुरूने चेल्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मले शिकवतं काय तू? जुईलीले डावा असला तरी इचारतो. बाकी फक्त उजवे."

दुसऱ्या दिवशी अंकुर पाठाच्या निरीक्षणासाठी मागच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी बसला. शेखरने प्रश्न टाकला, हात वर झाले आणि त्याने ऐटीत एका उजव्या हाताला उठवलं. ते पोरगं उभं राहून छताकडे पाहू लागलं. दुसरा उजवा खिडकीबाहेर पाहू लागला. तिसरा बंडू होता, तो नुसताच हसला. जुईलीने तेवढं अचूक उत्तर दिलं. बाकीचे डावे हात नुसते तळमळत होते आणि शेखर घाम पुसत त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता.

"हा काय प्रकार आहे?" मॅडम कुजबुजल्या. "तुम्हाला काही माहीत आहे?"

तोंडाने सांगायची अंकुरची छाती झाली नाही. त्याने हळूच डावा हात वर केला.