पाठमोरे बापटकाका

आमचे लंडनमधल्या पिनरचे शेजारी बापटकाका नातीच्या कॉलेज टीमची एकही फुटबॉल मॅच चुकवत नाहीत, आणि एकही मॅच बघत नाहीत. दर बुधवारी दुपारी मैदानावर हजर! अंगात जाड जॅकेट, डोक्याला माकडटोपी, तोंड कार पार्ककडे आणि खेळाकडे सरळ पाठ.

"अगं मंजिरी, माझी नजर जड आहे, लगेच लागते," हे त्यांचं पालुपद. सीझनची पहिली मॅच त्यांनी नीट समोर तोंड करून पाहिली. नात इरा गोलकीपर. त्या दिवशी तिच्यावर चार गोल झाले. पुढच्या मॅचला काका बुटाची नाडी बांधायला पाठमोरे वाकले आणि तेवढ्यात आपल्या पोरींनी गोल मारला. झालं! तेव्हापासून काका वळले नाहीत आणि टीम हरली नाही.

आता बघायचं नाही, तर सांगायला कोणीतरी हवं ना? मी बुधवारी घरून काम करते, हा माझा गुन्हा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

"काय चाललंय?"

"पळतायत."

"कुठल्या बाजूला?"

"अहो काका, मला काय माहीत! वळून बघा की जरा!"

"छे छे! पुढे बोल."

मॅचच्या आधी मात्र ते स्टीलचा डबा उघडून प्रत्येक मुलीच्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवत. सुरुवातीला मुली गोंधळल्या. महिन्याभरात कोचबाईच सगळ्यात आधी हात पुढे करायला लागली.

बघता बघता शेवटची मॅच आली. जिंकलो तर लीगची ट्रॉफी आपली, बरोबरी झाली तर समोरच्यांची. आपले दोन, त्यांचा एक, शेवटचं मिनिट, आणि रेफरीनं त्यांना पेनल्टी दिली. मी हे सांगितलं तसे काकांनी डोळेही मिटून घेतले.

आम्ही गोलच्या मागेच होतो. इरा ओरडली, "आजोबा, टर्न अराउंड! माझी लास्ट मॅच आहे! सप्टेंबरमध्ये मी लीड्सला शिकायला जाणार!"

काका हलेनात. मला हळूच म्हणाले, "हिच्या आजीजवळ हॉस्पिटलात सहा दिवस बसलो होतो गं. नजर हलवली नाही. काय उपयोग झाला?"

इतके दिवस मी या माणसाला हसत होते. लाज वाटली मला.

"आजोबा, हरलो तर हरलो! तू बघ ना, प्लीज!"

काकांनी टोपी काढली. आणि वळले.

शिट्टी झाली. इरानं डावीकडे अशी झेप घेतली म्हणून सांगू! बॉल तिच्या बोटांना लागून बारवरून बाहेर! मी किंचाळले, कोचबाईनं मला उचललं, पोरी चिखलात एकमेकींवर कोसळल्या. जिंकलो हो, जिंकलो!

चिखलानं माखलेली इरा धावत आली. "पाहिलं ना?"

"पाहिलं," काका म्हणाले. "आजीसारखे लांब हात आहेत तुझे." डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पुसायचंही भान नाही.

ट्रॉफी मिळाली, फोटो झाले, मैदान रिकामं होत आलं. पोरी ट्रॉफी घेऊन नाचतच होत्या.

"चला काका, गारठलात."

"थांब गं," इरावरची नजर न काढता ते म्हणाले. "माझा सगळा सीझन बघायचा राहिलाय."